मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात घराचं काम, कंत्राटदाराचं लायसन्स आणि सबचा (उपकंत्राटदाराचा) इन्शुरन्स

आम्ही बे एरियात राहतो. स्वयंपाकघर आणि एक बाथरूम पाडून नव्याने करायचंय. भिंत हलवणार, त्यामुळे परमिट आलंच. एकाचं कोटेशन पटलंय, माणूसही बोलायला बरा आहे, पण सही करण्याआधी काही गोष्टी खटकताहेत.

सीएसएलबीच्या (कंत्राटदारांना लायसन्स देणारं राज्याचं मंडळ) साइटवर त्याचा नंबर टाकून पाहिला. लायसन्स 'बी' वर्गाचं (जनरल कंत्राटदाराचं), चालू. २५,००० डॉलरचा बॉण्डही (त्याने गिऱ्हाइकाचं नुकसान केलं तर भरपाईची हमी) आहे. पण वर्कर्स कॉम्पच्या (कामावर जखमी झालेल्या कामगारासाठीचा विमा) रकान्यात 'एक्झेम्प्ट', म्हणजे आपल्याकडे एकही कामगार नाही असं त्याने लिहून दिलंय. घर बघायला आला तेव्हा मात्र बरोबर तीन पोरं होती. एक टेप धरतोय, एक आकडे लिहितोय, आणि तिसरा याला सरळ 'बॉस' म्हणतोय! विचारलं तर म्हणे, "ते सब आहेत माझे."

तर सबला स्वतःचं लायसन्स लागतं का? त्यातला कोणी पडला-झडला तर खर्च कोणाच्या डोक्यावर? शिवाय तो १५ टक्के आगाऊ मागतोय. टेक्सासमधला मावसभाऊ म्हणतो, आमच्याकडे असलं काही नसतं, तू उगाच घाबरतोस.

प्रतिसाद १
मावसभाऊ त्याच्या जागी बरोबर आहे. टेक्सासमध्ये जनरल कंत्राटदाराला राज्याचं लायसन्स नाही (इलेक्ट्रिशियन, प्लंबर, एसीवाल्यांना आहे) आणि खासगी मालकावर वर्कर्स कॉम्पची सक्तीही नाही. तो हिशोब इकडे लावू नका.

इथे सबलाही लायसन्स लागतं. वायरिंगला सी-१०, प्लंबिंगला सी-३६. १,००० डॉलरच्या आतल्या किरकोळ कामाला सूट आहे (२०२५ च्या आधी ५०० होती), पण परमिट लागणारं काम त्यात बसत नाही आणि मोठ्या कामाचे तुकडे पाडूनही चालत नाही. बिनलायसन्सचा माणूस कायद्याच्या लेखी सब नव्हे, नोकर. मुख्य कंत्राटदाराकडे कॉम्प नसेल तर जखमी माणसाचा वकील घरमालकाचं दार ठोठावू शकतो. तुमच्या होमओनर्स पॉलिसीत काय आहे ते एजंटला आजच विचारा.

त्या बॉण्डवर फार विसंबू नका. २५,००० ही रक्कम त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांत मिळून आहे, एकट्या तुमच्यासाठी नाही. जनरल लायबिलिटी (कामात दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) तर राज्य एरवी सक्तीची करत नाही, कंपनी एलएलसी (मर्यादित जबाबदारीची) असेल तरच करतं. विम्याचं सर्टिफिकेट त्याच्या हातून घेऊ नका, थेट त्याच्या इन्शुरन्स एजंटकडून मागवा.

आणि १५ टक्के? आगाऊ रक्कम १० टक्के किंवा १,००० डॉलर, यातलं जे कमी असेल तेवढीच घेता येते. हे त्याला माहीत नसेल असं मला तरी वाटत नाही.

प्रतिसाद २
लीन (थकलेल्या पैशांसाठी घरावर नोंदवलेला हक्क) विसरू नका. तुम्ही मुख्य माणसाला पूर्ण पैसे दिलेत आणि त्याने सबचे बुडवले, तर सब तुमच्या घरावर लीन लावू शकतो. सबने आपलं काम सुरू केल्यापासून २० दिवसांत त्याची प्रिलिमिनरी नोटीस (पैसे थकले तर लीन लावू शकतो, अशी आगाऊ सूचना) आली तर दचकू नका, ती नेहमीची पद्धत आहे. नीट जपून ठेवा. प्रत्येक हप्त्याला सबकडून लीन रिलीज (लीनचा हक्क सोडल्याचा कागद) घ्या: चेक देताना कंडिशनल (पैसे मिळाले तरच लागू), वटल्यावर अनकंडिशनल (बिनशर्त).

धागाकर्ता
आभारी आहे! लायसन्स नंबर मागितले. वायरिंगवाल्याचा आला, सी-१०, चालू आहे. बाकीच्यांचं "बघतो" म्हणाला. टाइल्सवाल्याला वेगळं लागत नाही, माझ्या 'बी' लायसन्समध्येच येतं म्हणतोय. खरं का?

प्रतिसाद १
सब म्हणून येणार असेल तर लागतं, सी-५४. पगारावर असेल तर नाही लागत, पण मग कंत्राटदाराचं 'एक्झेम्प्ट' खोटं ठरतं. दोन्हीपैकी काय ते लेखी मागा.