अनुभव धागा: तुमच्या स्किमरने फेस कधी धरला?

मंडळी, गेल्या महिन्याभरात तीन जणांनी मला तोच प्रश्न विचारला. नवीन प्रोटीन स्किमर (खाऱ्या पाण्याच्या मासेटाकीतली घाण हवेच्या फेसात धरून वरच्या कपात काढणारं यंत्र) लावलाय पण कपात काहीच येत नाही, किंवा उलट, कप तासाभरात भरून वाहतोय, काय करू? तिघांशी फोनवर तास तास बोललो आणि मग वाटलं की सगळ्यांचे अनुभव एका जागी आले तर जास्त बरं, कारण स्किमर मित्राच्या घरी एक वागतो आणि आपल्या घरी आणला की भलतंच. तर लिहा. टँक किती लिटरचा, स्किमर सम्पमध्ये (टँकखालच्या दुसऱ्या टाकीत) आहे की मागे टांगलेला, किती इंच पाण्यात उभा आहे, फेस धरायला किती दिवस लागले. आणि चुका झाल्या असतील तर त्या आधी लिहा, नवीन माणसाला त्यांचाच उपयोग होतो.

माझ्यापासून सुरुवात करतो. दादर, साधारण 300 लिटर, खाली सम्प. फक्त मासे आणि लाईव्ह रॉक (जीवाणू वसलेले समुद्री दगड). प्रवाळ नाही, कारण दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, दुकानात कोणी मागच्या खोलीत नेऊन दाखवलं तरी घेऊ नका, हे मी दरवेळी सांगतो आणि सांगत राहणार.

माझी चूक जागेची झाली. जिथे रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी परत टँकमध्ये चढवणारा) बसतो त्याच कप्प्यात स्किमर ठेवला. आता सम्पमधलं पाणी उडून कमी होतं ते सगळं त्याच कप्प्यात कमी होतं, बाकीच्या कप्प्यांत पातळी तीच राहते. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे पंखा चालू असला की दिवसाला दोन-दोन लिटर उडायचं. म्हणजे सकाळी स्किमर 8 इंचात आणि संध्याकाळी 6 इंचात. संध्याकाळी फेस खाली बसायचा म्हणून मी स्किमरमधलं पाणी वर चढवायला वॉल्व्ह आवळायचो, रात्री आरओचं पाणी भरलं की पातळी वर यायची आणि पहाटे कप ओसंडून सम्पमध्ये परत. दोन महिने हाच खेळ, आणि मी दोष देत होतो स्किमरला. शेवटी एका जुन्या मासेवाल्या काकांनी येऊन बघितलं आणि स्किमर उचलून बॅफलच्या (कप्पे वेगळे करणाऱ्या पट्टीच्या) अलीकडच्या कप्प्यात ठेवला, जिथे पातळी हलतच नाही. खाली अॅक्रिलिकचा तुकडा सरकवून उंची जमवली. तिसऱ्या दिवशी कपात गडद चहासारखं पाणी. म्हणून माझं ठाम मत, नॉबला हात लावायच्या आधी पट्टी घेऊन पाणी मोजा. स्किमरसोबत जो कागद येतो त्यावर खोली लिहिलेली असते, बऱ्याच सम्पमधल्या स्किमरना 6 ते 9 इंच लागतं, पण तुमच्या मॉडेलचा आकडा बघा.

मुलुंड, 200 लिटर. दादा, तुम्ही म्हणताय ते पाण्याचं बरोबर, पण माझ्याकडे पातळी अगदी ठीक होती तरी पहिले दहा दिवस नुसते बुडबुडे. फेस नव्हेच, सोड्यासारखे फसफसून फुटणारे बुडबुडे, आणि टँकमध्ये सगळीकडे बारीक हवा, काचेतून धुकं पडल्यासारखं दिसायचं. मी घाबरून दिवसातून सहा-सात वेळा वॉल्व्ह फिरवायची. नंतर कळलं की नवीन प्लास्टिकवर कारखान्यातलं तेलकट काहीतरी असतं, ते जाईपर्यंत फेस उभा राहत नाही, आणि टँकही नवा असल्यामुळे पाण्यात काढण्यासारखी घाण नव्हतीच. दुसऱ्यांदा बसवताना व्हिनेगर घातलेल्या पाण्यात एक रात्र चालवून स्वच्छ धुतला, तेव्हा चार दिवसांत लागला.

हे कसं चालतं ते मला माहेरच्या गुऱ्हाळामुळे समजलं. आमचं माहेर कोल्हापूरकडचं. काहिलीत रस उकळताना भेंडीचा चीक घालतात, मळी वर येते आणि माणूस झाऱ्याने ती काढत राहतो, उशीर झाला की ती परत रसात मुरते आणि गूळ काळा होतो. इथे उष्णतेच्या जागी हवा आहे. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, चिकट पदार्थ यांच्यातल्या बऱ्याच कणांचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं, त्यामुळे ते बुडबुड्याच्या कडेला जाऊन चिकटतात. बुडबुडा जितका बारीक तितकी चिकटायला जागा जास्त. ते सडून अमोनिया आणि पुढे नायट्रेट व्हायच्या आधीच बाहेर निघतात, हा सगळा फायदा. झालेलं नायट्रेट मात्र स्किमर काढत नाही, त्याला पाणीच बदलावं लागतं.

गिरगाव. आमच्याकडे सम्पला जागा नाही, दोन खोल्यांचं घर, 100 लिटरचा टँक आणि मागे टांगलेला छोटा स्किमर. लहानपणी दर मे महिन्यात वडील मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे, तिथून हे वेड लागलं, 1951 सालचं ते मत्स्यालय, आम्हा गिरगावकरांना अगदी चालत जाण्याच्या अंतरावर. असो. माझा त्रास वेगळाच होता. स्किमर सकाळी छान चालायचा आणि दुपारी एकनंतर फेस एकदम बसायचा, तो रात्रीपर्यंत उठायचा नाही, रविवारी तर दिवसभर नाही. वेळ लिहून ठेवायला लागलो तेव्हा लक्षात आलं, आई बोंबील किंवा सुरमई तळते त्याच वेळेला. स्वयंपाकघर आणि टँक यांच्यात आमच्याकडे एक पडदा आहे फक्त. तळणीची वाफ पाण्यावर बसून तेलाचा तवंग धरत होता आणि तेल फेसाचा शत्रू. हात न धुता टँकमध्ये घातला तरी तेच होतं, फ्रोझन खाणं न धुता घातलं तरी तेच. आता तळण असलं की टँकवर काच पूर्ण सरकवतो, एक्झॉस्ट लावतो, आणि फ्रोझन खाणं गाळणीत धुऊन घालतो. आईने स्वतःहून तळायचा कोपरा बदलून खिडकीपाशी नेला, तिचेही त्या क्लाउन माशावर तेवढंच प्रेम आहे.

वरच्या गिरगावकर दादांना, आमच्याकडेही सेम. बोरिवली, 150 लिटर. मी फक्त एवढंच सांगेन की दुप्पट मोठा स्किमर घेऊ नका. मी 400 लिटरवाला घेतला, मासे चारच. फेस मानेपर्यंत (कपाखालच्या नळीपर्यंत) यायचा आणि परत खाली, आठवड्यातून दोनदा काहीतरी निघायचं. लहान लावला आणि रोज थोडं थोडं निघायला लागलं. मान मात्र दर तीन-चार दिवसांनी पुसावी लागते, आत चिकट थर धरला की फेस चढत नाही.

चेंबूर. 12 ऑक्टोबर 2020, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची लाईट गेली होती ते आठवत असेल. माझा 350 लिटरचा टँक. लाईट गेली तेव्हा मी बॅटरीवरचा एअर पंप लावला आणि मासे वाचले म्हणून निवांत झालो. पण वरच्या टँकमधलं पाणी पाईपमधून सम्पमध्ये उतरलं होतं, स्किमर नेहमीपेक्षा चार इंच जास्त पाण्यात. काही तासांनी लाईट आली, सगळं एकदम सुरू झालं, मी जेवायला बसलो होतो. स्किमरने कप भरला, कपाला लावलेल्या नळीतून कॅन भरला, कॅन भरून खारं पाणी फरशीवर, आणि खालच्या मजल्यावरच्या आजींच्या छताला ओल. आजी रागावल्या नाहीत, वर येऊन मासे ठीक आहेत ना विचारलं, मला फार वाईट वाटलं. रंगाचा खर्च मी दिला.

त्यानंतर तीन गोष्टी केल्या. रिटर्न पाईपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक पाडलं, म्हणजे लाईट गेली की तिथून हवा शिरते आणि पाणी उतरायचं थांबतं (ते भोक शेवाळाने बुजतं, महिन्यातून एकदा काडी घाला). स्किमरच्या प्लगला उशिरा सुरू होणारा टायमर लावला, रिटर्न आधी, स्किमर दहा मिनिटांनी. आणि कॅनला फ्लोट स्विच, कॅन भरला की स्किमर बंद. पावसाळ्यात हे नसेल तर मी घराबाहेर पडत नाही.

अंधेरी. माझा अनुभव लिहायला जड जातोय पण लिहिते, कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. 250 लिटर, बेडरूममध्ये. रात्री एसी, दारं-खिडक्या बंद, त्यामुळे खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढायचा, तीच हवा स्किमर पाण्यात मिसळायचा आणि सकाळी पीएच 7.8 दिसायचा. स्किमर म्हणजे टँकचं फुप्फुस, तासाला शेकडो लिटर हवा ओढणारे पंप असतात त्यात. मग मी हवेची नळी खिडकीबाहेर काढली, पीएच 8.1 च्या वर राहायला लागला, मी खूश. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी सोसायटीत डासांसाठी धुराची फवारणी झाली. आमचा पहिला मजला. मी ऑफिसात होते. घरी आले तेव्हा खोलीत वास नव्हता, सगळं बंद होतं ना, पण नळी बाहेर होती आणि स्किमर तो धूर थेट पाण्यात घुसळत बसला होता. डासांच्या औषधांत पायरेथ्रॉइड असतं, माणसाला त्या प्रमाणात फारसं काही होत नाही पण माशांना ते अतिशय विषारी. दोन श्रिंप तळाला आडवे पडलेले, क्लाउनची मादी पाण्याच्या वर तोंड काढत होती. रात्रभर तयार होतं तेवढं सगळं खारं पाणी बदललं, विष शोषायला अॅक्टिव्हेटेड कार्बन (कोळसा) घातला. नर वाचला, मादी सकाळी गेली. सात वर्षं होती माझ्याकडे.

आता सोसायटीच्या वॉचमन मामांकडे माझा नंबर आहे, फवारणीच्या आधी ते फोन करतात. घरात पेस्ट कंट्रोल, दिवाळीचं रंगकाम, डासांची कॉइल, गणपतीतला धूप, यातलं काहीही असलं की आधी स्किमरची हवा बंद आणि टँकवर ओली चादर. तेवढा वेळ पॉवरहेडचं (टँकमधलं पाणी हलवणाऱ्या पंपाचं) तोंड वर करून पाणी हलतं ठेवायचं, म्हणजे ऑक्सिजन कमी पडत नाही.

अंधेरीच्या ताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझी नळीही बाहेरच आहे, आज रात्री आत घेतोय. ज्यांच्या खिडक्या रस्त्याकडे आहेत त्यांनी हे परत एकदा वाचा.

विक्रोळी, 200 लिटर. मी ओलं स्किमिंग करायचो, म्हणजे फिकट, पातळ पाणी भरपूर काढायचं, रोज जवळजवळ एक लिटर. वाटायचं जितकं जास्त तितकं चांगलं. ऑटो टॉप-अप (पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारं) लावलेलं, ते भरतं गोडं पाणी. म्हणजे रोज एक लिटर खारं बाहेर आणि त्याच्या जागी गोडं आत. पाणी बदलणं त्या महिन्यात राहून गेलं आणि सॅलिनिटी 1.025 वरून 1.022 वर. माशांनी सहन केलं पण एक अर्चिन (काटेरी गोल समुद्री जीव) काटे टाकायला लागला तेव्हा मोजलं. आता वॉल्व्ह थोडा उघडा ठेवतो, फेस मानेत सुकत सुकत वर जातो, कपात रोज बोटभर गडद काळपट पाणी, सुकटीसारखा वास. आठवड्याला रिफ्रॅक्टोमीटरने सॅलिनिटी मोजतो.

वरळी कोळीवाडा. आमच्या दारात समुद्र, त्यामुळे पहिल्यांदा वाटलं मीठ विकत कशाला आणायचं, कॅन भरून आणू. जूनमध्ये आणलं. गढूळ, पावसाने पातळ झालेलं, आणि स्किमर लावला तर अर्ध्या तासात कप भरला, परत ओतला, परत भरला. पावसाळ्यात खडकांवर लाटा आपटतात तेव्हा पिवळट फेसाचे गोळे उडतात ना, तोच हा फेस, समुद्र स्वतःच स्किमिंग करतो. टँकला मात्र आता मीठ आणि आरओचंच पाणी. नळाचं पाणी मीठ घालून वापरत असाल तर क्लोरीन काढायचं औषध जपून, माझ्याकडे त्यानेही एकदा दोन दिवस कप वाहिला होता.

नमस्कार, मी नवीन. घाटकोपर, 180 लिटर. आज दुपारी स्किमर लावला, सगळं वाचून पट्टीने मोजलं, बरोबर 7 इंच, कागदावरही तेच आहे. चार तास झाले, नुसते बुडबुडे. वॉल्व्ह थोडा आवळू का?

नको. कप काढा, मान पुसा, परत लावा आणि वॉल्व्ह आहे तिथेच राहू द्या. हवेची नळी कुठे उघडते ते तेवढं सांगा, आणि पुढच्या रविवारी कपाचा फोटो टाका.