कबरीपाशी रडणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे

ताई, वडिलांच्या दफनविधीत तुम्हाला रडू आवरलं नाही आणि चर्चच्या मंडळीतलं कोणी म्हणालं, "विश्वासणाऱ्यांनी असं रडू नये." मला हे अजिबात पटत नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरीकडे निघालेला प्रभू येशू स्वतः रडला, तेही त्याला उठवणार हे ठाऊक असताना! योहानाच्या शुभवर्तमानाचा 11वा अध्याय पुन्हा वाचा. "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" हे लाजराची बहीण मार्था हिला आधी सांगितलंय, अश्रू त्यानंतर आलेत. प्रेषित पौलही थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पत्रात शोकच करू नका म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, एवढंच म्हणतो.

आमच्या आईला सोलापुरात ऐन मे महिन्यात मूठमाती दिली. माती उन्हानं दगड झालेली. पहिली ढेकळं पेटीवर धाडधाड वाजली आणि धाकटा भाऊ मटकन खाली बसला. पाळकसाहेबांनी विधी थांबवला. एक ढेकूळ स्वतःच्या हातानं चुरून ती माती त्याच्या ओंजळीत दिली, मगच पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातला 15वा अध्याय वाचला: पेरलेलं मेल्याशिवाय जिवंत होत नाही. ज्वारीच्या मुलखात हे निराळं समजवावं लागत नाही. त्या दिवशी दुःख कमी झालं नाही, पण आईला कुठे सोडून चाललोय हे मात्र कळलं.

तुमच्या आईंजवळ बसून करिंथकरांसचा तोच 15वा अध्याय मोठ्यानं वाचा. मध्येच हुंदका आला तर थांबा, दोघी रडून घ्या, मग पुढचं वचन वाचा. घाई काहीच नाही.