ईस्टरची अंडी मूर्तिपूजकांची? यंदा संडे स्कूलमध्ये रंगवायची का नाही?

सातरस्ता:
आमच्या चर्चच्या ग्रुपवर परवा मेसेज फिरला की ईस्टर म्हणजे बाबिलोनची इश्तार देवी, अंडी आणि ससा तिच्याच खुणा, तेव्हा पोरांची अंडी रंगवणं बंद करा. मला हे अजिबात पटलेलं नाही. इश्तार नि ईस्टर नुसतं कानाला सारखं लागतं, तिच्या खुणा सिंह आणि आठ टोकांचा तारा. येशूचं मरण नि पुनरुत्थान वल्हांडण या ज्यू लोकांच्या सणाच्या दिवसांतलं, म्हणून ग्रीक लोक या सणाला पास्खा म्हणतात, तो शब्द वल्हांडणाच्या हिब्रू नावावरनं, पेसाखवरनं आलाय. ईस्टर हा शब्द आपल्याकडं इंग्रजीतनं आला.

कडकभाकरी:
इश्तारचं मान्य, पण म्हणून सगळंच खोडू नका राव. बीड नावाच्या इंग्लंडमधल्या मठवासी साधूनं 725 मध्ये लिहून ठेवलंय की तिथं एप्रिलच्या सुमाराच्या महिन्याला एओस्त्रे देवीचं नाव होतं, तिचे सण व्हायचे. तो पक्का ख्रिस्ती, खोटी देवी कशाला उभी करेल? आणि 1958 मध्ये जर्मनीत शंभरावर रोमनकालीन शिलालेख सापडले, त्यातल्या मातृदेवतांचं नाव ऑस्ट्रियाहेने, जुळतंय की. आपल्या सोलापूरच्या गड्डा जत्रेचंच बघा, संक्रांत ऋतूचा सण आणि त्याच दिवसांत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचं लग्न, कुणाची श्रद्धा कमी झाली का त्यानं?

सातरस्ता:
बीड खोटारडा असं मी म्हणतच नाही. पण त्यानं अंड्याचा, सशाचा एक शब्द लिहिलेला नाही. एओस्त्रेसारखीच जर्मन देवी म्हणून ऑस्टारा ही जर्मन भाषापंडित याकोब ग्रिमनं 1835 मध्ये अंदाजानं उभी केली, आणि अंडी आणणारा ससा 1682 च्या एका जर्मन डॉक्टरच्या लेखनात दिसतो, म्हणजे केवढा अलीकडचा बघा. अंड्यांचं कारण तर साधंय, जुन्या काळी ईस्टरआधीच्या उपासाच्या 40 दिवसांत अंडी खायची नाहीत असा नियम, कोंबड्या काय थांबतात होय, मग साठलेली अंडी सणाला बाहेर निघायची. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डच्या 1290 च्या हिशेबात 450 अंड्यांचे 18 पेन्स लावलेत.

रविवारची_ताई:
दादा, तारखा बरोबर असतील, पण मी वर्ग घेते. ईस्टरला काय झालं विचारलं की निम्मी पोरं चॉकलेटचं अंडं सांगतात. शुभवर्तमानात अंडं कुठंय? मूर्तिपूजकांचं असो नाहीतर नसो, मला ते वर्गात नको.

सातरस्ता:
ताई, हे मला लागलं, खरंय. पण माझी आजी मार्केट यार्डातनं कांद्याची सालं गोळा करून आणायची, त्यात अंडी उकडायची, अशी विटकरी लाल व्हायची ती. पहाटे अंधारात कबरस्तानात आजोबांच्या कबरीवर मेणबत्ती लावून आलो की एक अंडं माझ्या हातावर ठेवून कवच फोडायची नि म्हणायची, बघ बाळा, धोंड सरकली. येशूची रिकामी कबर मला त्या अंड्यानं कळली, आज पन्नाशीतही तेच आठवतं.

कडकभाकरी:
हे भारी सांगितलं. सालं पाहिजे असतील तर मी आणून देतो.

रविवारची_ताई:
तुमच्या आजीनं आधी कबरस्तानात नेलं, मग अंडं दिलं. आताचे आईबाप सरळ नऊच्या कार्यक्रमाला पोरं सोडतात. पहाटे साडेपाचच्या प्रार्थनेला आणा त्यांना, मग अंड्याचं बघू.