शब्दचर्चा: फतवा काढतात की देतात? आणि ‘फिदायीन’ म्हणजे आत्मघातकी का?

अनुवादक, पर्वती: उर्दू लेखात ‘खुदकुश हमलों के खिलाफ फतवा’ असं आहे. ‘आत्मघाती हल्ल्यांविरोधात फतवा काढला’ असं केलं तर चालेल का? पुनरुक्ती टाळायला मध्येमध्ये ‘फिदायीन हल्ला’ वापरावं म्हणते.

निदा, कोंढवा: ‘आत्मघाती’ हिंदीतून आलेलं, आपला शब्द ‘आत्मघातकी’. ‘काढला’ मात्र बदलाच. मराठीत शाळा गणवेशाचा फतवा काढते, महापालिका पार्किंगचा काढते. तिथे अर्थ ‘मनमानी हुकूम’. मूळ फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला मुफ्तींनी, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या जाणकारांनी, दिलेलं मत. आधी लेखी प्रश्न येतो, तो इस्तिफ्ता. त्यात खऱ्या माणसांऐवजी बहुधा ‘जैद’, ‘बकर’ अशी ठरावीक नावं असतात. मग ‘अल-जवाब’ म्हणून उत्तर, आधाराचे उतारे, शेवटी ‘वल्लाहु आलम’, म्हणजे ‘अल्लाहच अधिक जाणतो’, खाली सही आणि मोहर. दुसरे मुफ्ती सहमत असले तर ‘अल-जवाब सहीह’ लिहून आपली सही करतात. म्हणून फतवा विचारतात, देतात. निवाडा करणारा तो काझी. फतव्याला कायद्याचं बळ नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2014 मध्ये स्पष्ट केलं आहे.

शेख, कॅम्प: निदाताईंच्या मुद्द्याला जोडून: प्रत्येक धार्मिक निवेदनाला फतवा म्हणू नका. 25 फेब्रुवारी 2008 ला देवबंदच्या दारुल उलूममध्ये देशभरातल्या उलेमांची, म्हणजे धर्मपंडितांची, परिषद झाली, दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचं तिने जाहीर केलं. तो जाहीरनामा. फतवा आला त्याच वर्षी 31 मे रोजी, दिल्लीच्या रामलीला मैदानावर. 26/11 च्या हल्लेखोरांना मुंबईच्या बडा कब्रस्तानात दफन करू द्यायला नकार मिळाला, तो विश्वस्तांचा निर्णय. तिन्हींचं वजन वेगवेगळं आहे, बातमीत मात्र सरसकट ‘फतवा’ छापलं जातं.

अनुवादक, पर्वती: आणि फिदायीन?

शेख, कॅम्प: पर्याय म्हणून अजिबात नको. ‘फिदाई’ एकवचन, ‘फिदायीन’ अनेकवचन. मुळात ‘जीव ओवाळून टाकणारा’, आपल्या ‘फिदा होणे’मधलाच फिदा. म्हणजे शब्दातच गौरव आहे. दुसरं, काश्मीरच्या बातम्यांतला फिदायीन बहुतेकदा छावणीत घुसून मारला जाईपर्यंत गोळीबार करतो. मरतो तो समोरच्याच्या गोळीने. अंगावर स्फोटकं बांधणारा स्वतःच्या हाताने मरतो. फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्रीय कायद्यात, हा फरक कळीचा आहे. हल्ल्याचे समर्थक पहिल्याचे जुने दाखले दुसऱ्याला लावतात आणि त्याला ‘इस्तिशहाद’, म्हणजे हौतात्म्य पत्करणं, म्हणतात. विरोधातले मुफ्ती ‘खुदकुशी’, म्हणजे आत्महत्याच, लिहितात. त्यांचा आधार कुरआन 4:29, ‘स्वतःला मारू नका’, आणि बुखारी-मुस्लिम या संग्रहांमधली हदीस (प्रेषितांचं वचन): ज्याने लोखंडी शस्त्राने स्वतःला संपवलं, त्याच्या हाती नरकात तेच शस्त्र असेल. जखमा असह्य झाल्या म्हणून रणांगणावर स्वतःचा जीव घेणाऱ्या शूर माणसालाही प्रेषितांनी नरकवासी म्हटल्याची हदीस आहे. हेतू चांगला होता, ही सबब तिथेच संपते.

निदा, कोंढवा: एवढ्यावर थांबलात तर वाचकाला वाटेल की आक्षेप फक्त आत्महत्येला आहे. 13 फेब्रुवारी 2010 ला कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत बॅगेत ठेवलेला बॉम्ब फुटला, 17 जणांचा जीव गेला. तो आत्मघातकी हल्ला नव्हता, आणि तसं लिहूही नये. पण शरियतच्या दृष्टीने त्याचा गुन्हा तसूभरही कमी होत नाही. तिथे 5:32 लागू: नाहक एक जीव घेणं म्हणजे साऱ्या मानवजातीचा जीव घेणं. शिवाय ‘मुआहिद’, ज्याच्याशी शांततेचा करार आहे असा बिगरमुस्लिम. त्याला मारणाऱ्याला स्वर्गाचा सुगंधही मिळणार नाही, असं बुखारीत आहे. याला मराठीत ‘अभय दिलेला’ म्हणू नका, त्यात उपकाराचा वास येतो. ‘करारबद्ध’ बरा.

अनुवादक, पर्वती: लेखात पुढे ‘खवारिज’ आणि ‘तकफीर’ आहेत. ‘बंडखोर’ आणि ‘धर्मबहिष्कृत करणे’ असं लिहू?

शेख, कॅम्प: ‘खवारिज’ तसाच ठेवून एकदा ओळख द्या: 657 मधल्या सिफ्फीनच्या लढाईनंतर चौथे खलिफा हजरत अलींपासून फुटलेला, पाप करणाऱ्या मुसलमानालाही काफिर ठरवणारा गट. पाकिस्तानी धर्मपंडित ताहिर-उल-कादरींनी 2 मार्च 2010 ला लंडनमध्ये जाहीर केलेला सुमारे 600 पानी फतवा आजच्या अतिरेक्यांना याच गटाच्या पंक्तीत बसवतो. नुसतं ‘बंडखोर’ लिहिलंत तर तो आरोपच पुसला जाईल. त्यातून मराठीत बंडखोर हा निवडणुकीत तिकीट न मिळालेलाही असतो. तकफीरला ‘काफिर ठरवणे’ पुरे. बहिष्कार समाज घालतो, इथे मुद्दा श्रद्धेचा आहे.

निदा, कोंढवा: मथळा असा करा: ‘आत्मघातकी हल्ले हराम: मुफ्तींचा फतवा’. ‘हराम’ला ‘निषिद्ध’ चालेल, ‘गैर’ नको, फार सौम्य होतं. आणि मजकुरात हल्लेखोराला ‘शहीद’ म्हटलं असेल तिथे अवतरणचिन्हं टाकून कोण म्हणतंय ते त्याच वाक्यात लिहा.