मदत हवी आहे: वीज जाऊन आल्यावर फक्त लिनक्स डेस्कटॉपचेच इंटरनेट अडखळते

मिठागर (ऐरोली)

नमस्कार.

घरी डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली असलेला एक डेस्कटॉप आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून त्याच्या इंटरनेट जोडणीत असा दोष उद्भवला आहे, की ज्याला पूर्ण बिघाडही म्हणता येत नाही आणि ज्याच्याकडे दुर्लक्षही करता येत नाही. जाणकारांना पुन्हा पुन्हा विचारावे लागू नये म्हणून माहिती थोडी सविस्तर देत आहे.

आधी घरातली मांडणी सांगतो. फायबरची तार बाहेरच्या खोलीत दाराजवळ येते आणि सेवादात्याने दिलेला राउटर तिथेच भिंतीवर लावलेला आहे. त्यातून एक लॅन केबल पट्टीतून आतल्या खोलीत नेली असून ती पाच पोर्टच्या साध्या स्विचला जोडली आहे. डेस्कटॉप आणि प्रिंटर या स्विचवर आहेत. आतल्या खोलीतली ही सगळी उपकरणे यूपीएसवर चालतात. राउटर मात्र बाहेरच्या भिंतीतल्या प्लगवर आहे. त्यामुळे वीज गेली की इंटरनेट बंद पडते, पण संगणक सुरू राहतो.

आता लक्षणे. वीज परत आली, राउटर सुरू झाला, त्यावरचे सगळे दिवे हिरवे झाले, की फायरफॉक्समध्ये जवळपास सर्व संकेतस्थळे नेहमीसारखी उघडतात. परंतु टर्मिनलमधून डब्ल्यूगेट या कमांडने एखादी फाइल उतरवायला घेतली किंवा एसएसएचने (दूरच्या संगणकावर काम करण्याच्या सोयीने) बाहेरच्या सर्व्हरवर जायचे म्हटले, तर काही ठिकाणी काम क्षणात होते आणि काही ठिकाणी कर्सर नुसता लुकलुकत राहतो. विशेष म्हणजे हे थांबणे अनिश्चित नाही. वेळ मोजली असता बहुतेकदा दोन मिनिटे आणि सात सेकंद भरतात आणि त्यानंतर, जणू काही झालेच नाही अशा थाटात, फाइल पूर्ण वेगाने उतरू लागते. डब्ल्यूगेटला फक्त आयपीव्ही४ (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत) वापरण्याचा पर्याय दिला, तर हा विलंब मुळीच होत नाही.

याच संगणकावर दुसऱ्या पार्टिशनमध्ये विंडोज आहे आणि तिथे हा त्रास एकदाही दिसलेला नाही. घरातले फोनही वायफायवर व्यवस्थित चालतात. सेवादात्याकडे तक्रार केली असता ‘राउटर बंद करून पुन्हा सुरू करा’ असे ठरलेले उत्तर मिळाले. तसे केल्यावर माझ्या समजुतीप्रमाणे त्रास कमी होण्याऐवजी वाढतो. डेस्कटॉप रीस्टार्ट केला तर मात्र पुढच्या वेळी वीज जाईपर्यंत सर्व काही सुरळीत चालते. एकदा मी काहीच न करता तसेच सोडून दिले होते, तेव्हा साधारण आठवड्याने दोष आपोआप नाहीसा झाला. हे मला सर्वांत अनाकलनीय वाटते.

तपासून झालेल्या गोष्टी अशा. केबल बदलली. डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून पाहिला, आणि नावाचा पत्ता तसाही लगेच मिळतो, त्यामुळे दोष तिथे नसावा. एमटीयूचीही (एका पॅकेटच्या कमाल आकाराची) शंका आली होती, कारण जोडणी पीपीपीओई या लॉगिन करून जोडण्याच्या पद्धतीची आहे. पॅकेटचे तुकडे न करता पिंग पाठवले, तर १४६४ बाइटांचे जाते आणि १४७२ चे जात नाही, म्हणजे २८ बाइटांचे हेडर धरून १४९२ चा हिशेब बरोबर जुळतो. डेस्कटॉपवर एमटीयू १४९२ केला, तरी विलंब तसाच राहिला. फायरवॉल पूर्ण बंद करूनही फरक पडला नाही.

दोष राउटरचा समजावा, लिनक्सचा समजावा की सेवादात्याचा, आणि पुढे नेमके काय तपासावे, याबद्दल मार्गदर्शन व्हावे ही विनंती.

नेरुळकर

आपल्या घरी आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) आहे आणि ते नीट चालत नाही, इतके यावरून उघड दिसते. नेटवर्क मॅनेजरमध्ये (लिनक्समधल्या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये) त्या जोडणीसाठी आयपीव्ही६ बंद करून टाका. घरगुती वापरात त्याच्यावाचून काहीही अडत नाही. मी गेली अनेक वर्षे असेच करत आलो आहे.

मिठागर

सूचनेबद्दल आभार, परंतु माझे त्याच्यावाचून अडते. राउटरच्या पानावर बाहेरचा आयपीव्ही४ पत्ता १००.६४ ने सुरू होणारा दिसतो, म्हणजे तो माझ्या एकट्याचा नसून सेवादात्याने अनेक ग्राहकांत वाटून दिलेला आहे. म्हापे येथील कार्यालयातून घरच्या संगणकावर एसएसएचने यायचे असेल, तर आयपीव्ही६ हा एकच मार्ग मला मोकळा आहे. वीज जाऊन आल्यावर नेमका तोही बंद पडतो, हे वर लिहायचे राहिले.

खाडीपलीकडचा (ठाणे, पाचपाखाडी)

आपण वेळ मोजली हे फार चांगले केले, कारण दोन मिनिटे सात सेकंद हा आकडा बोलका आहे. लिनक्स नवी टीसीपी जोडणी मागताना पहिले पॅकेट पाठवते आणि उत्तर आले नाही तर तेच आणखी सहा वेळा पाठवते. प्रत्येक वेळी प्रतीक्षा दुप्पट होत जाते: १, २, ४, ८, १६, ३२ आणि ६४ सेकंद. बेरीज १२७ होते. याचा अर्थ आपली पॅकेटे कोणी नाकारत नाही, ती मुकाट्याने कुठेतरी टाकून दिली जातात आणि १२७ सेकंदांनी आशा सोडून डब्ल्यूगेट आयपीव्ही४ कडे वळते. फायरफॉक्स इतका वेळ वाट पाहत नाही. आयपीव्ही६ वरून सुमारे पाव सेकंदात उत्तर आले नाही की तो समांतर आयपीव्ही४ वरून प्रयत्न सुरू करतो, म्हणून ब्राउझरमध्ये आपल्याला काहीच जाणवत नाही.

पुढची वीज जाऊन आल्यावर, संगणक रीस्टार्ट करण्यापूर्वी, दोन गोष्टी कराव्यात. पहिली, आयपी कमांडने कार्डाचे सर्व आयपीव्ही६ पत्ते, त्यांच्या शेजारी लिहिलेल्या मुदतींसह, पाहावेत आणि दहा-पंधरा मिनिटांनी तेच पुन्हा पाहावे. दुसरी, त्यांपैकी प्रत्येक ग्लोबल (बाहेरच्या इंटरनेटवर चालणारा) पत्ता उगम म्हणून देऊन बाहेर पिंग करून पाहावे. पिंगच्या कॅपिटल आय या पर्यायापुढे पत्ता लिहिला की झाले.

मिठागर

काल संध्याकाळी वीज गेली, त्यामुळे वाट पाहावी लागली नाही.

कार्डावर दोन वेगवेगळ्या प्रिफिक्सचे (पत्त्याच्या सुरुवातीच्या भागाचे) ग्लोबल पत्ते दिसत आहेत. पहिले तीन गट सारखे आहेत आणि चौथा वेगळा आहे. एकाची ‘प्रिफर्ड’ मुदत ६,०४,८०० सेकंदांच्या जवळ होती आणि काही वेळाने पाहिले तेव्हाही ती पुन्हा तिथेच आलेली दिसली. दुसऱ्याची मुदत त्याहून कमी होती आणि ती सतत खालीच जात आहे. पहिल्या पत्त्यावरून पिंग केले तर प्रत्येक पॅकेटचे उत्तर येते. दुसऱ्यावरून केले तर एकाचेही येत नाही.

खाडीपलीकडचा

मग निदान झाले. आपला लिनक्स निर्दोष आहे, फक्त त्याला जे सांगितले गेले ते तो फार निष्ठेने पाळत आहे.

घडते ते असे. राउटर सेवादात्याकडून एक प्रिफिक्स घेतो आणि घरातल्या उपकरणांना कळवतो, की हा वापरून स्वतःचा पत्ता तयार करा, तो सात दिवस प्राधान्याने वापरता येईल आणि तीस दिवस ग्राह्य राहील. ६,०४,८०० सेकंद म्हणजे नेमके सात दिवस. या मुदती २००७ च्या आरएफसी ४८६१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) मधल्या मूळ शिफारशीतून आलेल्या आहेत आणि पुष्कळ राउटरांत आजही त्याच भरलेल्या असतात. वीज गेली की राउटर बंद पडतो, पीपीपीओईची जोडणी तुटते आणि वीज आल्यावर सेवादाता नवा प्रिफिक्स देतो. राउटर तो नवा प्रिफिक्स घरात जाहीर करतो, पण जुन्याची त्याला आठवणच नसते, त्यामुळे जुना रद्द झाल्याचे तो कोणालाही सांगत नाही. डेस्कटॉपच्या दृष्टीने दोन्ही पत्ते वैध असतात. शिवाय राउटरचा घरातला, लिंक-लोकल, पत्ता बदललेला नसल्यामुळे बाहेर जाण्याचा मार्गही बरोबरच दिसतो. कोणत्या सर्व्हरशी बोलताना कोणता पत्ता वापरायचा हे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ठरवतो आणि जिथे जुना निवडला जातो तिथे आपण अडकता. घर बदलल्यावरही पाकिटाच्या मागे जुनाच पत्ता लिहीत राहावे, तसा हा प्रकार आहे. येथे तर सेवादाता असे पाकीट बहुधा पुढे जाऊच देत नाही, कारण त्या पत्त्यावर आता आपला हक्क राहिलेला नसतो.

आपल्या बाकीच्या निरीक्षणांचाही उलगडा यातच होतो. राउटर पुन्हा सुरू केला की आणखी एक प्रिफिक्स मिळतो आणि मृत पत्त्यांत एकाची भर पडते, म्हणून त्रास वाढतो. सात दिवस वीज गेली नाही तर जुन्या पत्त्याची प्राधान्याची मुदत संपते आणि दोष आपोआप जातो. विंडोजमध्ये जाण्यासाठी संगणक रीस्टार्ट करावाच लागतो, म्हणून तिथे नेहमी ताजा पत्ता असतो. विंडोजचे कौतुक करण्याचे त्यात काही कारण नाही. फोनांचे वायफाय राउटरबरोबरच तुटते, त्यामुळे ते नव्याने जोडले जातात आणि जुने विसरतात. आयपीव्ही४ मध्ये घरातला १९२.१६८ चा पत्ता बाहेर काहीही बदलले तरी तोच राहतो, म्हणून तिथे प्रश्नच उद्भवत नाही.

आता डेस्कटॉपच तेवढा का विसरत नाही? कारण आपला स्विच यूपीएसवर आहे. राउटर बंद पडला तरी डेस्कटॉप आणि स्विच यांच्यामधली लिंक एक क्षणही तुटत नाही, त्यामुळे काही घडले आहे याचा नेटवर्क मॅनेजरला पत्ताच लागत नाही. लिंक काही सेकंद जरी पडली असती, तरी त्याने जोडणी बंद करून जुने पत्ते काढून टाकले असते. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की स्विचचा अडॅप्टर यूपीएसवरून काढून साध्या, वीज गेल्यावर बंद पडणाऱ्या प्लगवर लावावा. वीज नसताना राउटरही बंदच असतो, त्यामुळे या बदलात त्या वेळेपुरते प्रिंटरशी बोलणे तेवढे गमवावे लागेल.

तसे करायचे नसेल, तर वीज आल्यावर नेटवर्क मॅनेजरची तीच जोडणी एनएमसीएलआय या टर्मिनलमधल्या साधनाच्या ‘कनेक्शन अप’ या कमांडने पुन्हा चालू करावी. जुने पत्ते निघून जातात आणि रीस्टार्टची गरज राहत नाही. ईटीसी फोल्डरमधल्या जीएआय डॉट कॉन्फ या फाइलमध्ये आयपीव्ही४ ला अग्रक्रम देणारी ओळ आधीच लिहिलेली असते, तिच्या सुरुवातीचे हॅश चिन्ह काढले तर डब्ल्यूगेट आणि एसएसएचचा विलंब थांबेल. परंतु कार्यालयातून घरी येण्याचा आपला प्रश्न त्याने सुटणार नाही, म्हणून मी ते करणार नाही.

मुळात हे काम राउटरचे आहे. आरएफसी ८९७८ मध्ये २०२१ साली हाच दोष तपशिलाने मांडला गेला आणि त्याच वर्षीच्या आरएफसी ९०९६ मध्ये घरगुती राउटरांनी जुना प्रिफिक्स लक्षात ठेवून तो रद्द झाल्याचे जाहीर करावे, तसेच प्राधान्याची आणि ग्राह्यतेची मुदत अनुक्रमे ४५ आणि ९० मिनिटांपर्यंत खाली आणावी, असे सांगितले आहे. आपल्या राउटरच्या लॅन विभागात प्रिफिक्सच्या मुदती बदलण्याची सोय असेल, तर त्या जरूर कमी कराव्यात. सेवादात्याने दिलेल्या राउटरांत ही पाने बहुधा ग्राहकापासून लपवलेली असतात.

पारसिक (खारघर)

वरील निदानाशी सहमत आहे. फक्त स्विच यूपीएसवरून काढण्याऐवजी राउटरलाच बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावणे मला अधिक योग्य वाटते. सोसायटीतली वीज गेली तरी फायबरची जोडणी पुष्कळदा जिवंत असते, मग इंटरनेटही सुरू राहते आणि प्रिफिक्सही बदलत नाही. राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्यावा.

खाडीपलीकडचा

वीज जाण्यापुरता तो उपाय उत्तम आहे. परंतु सेवादात्याच्या बाजूने जोडणी तुटली तर प्रिफिक्स तरीही बदलेल आणि त्या वेळी हा राउटर जुना रद्द करतो की नाही, हे पाहावे लागेल. त्यामुळे एनएमसीएलआयची कमांड लक्षात असू द्यावी.

मिठागर

सर्वांचे आभार. स्विचचा अडॅप्टर भिंतीतल्या प्लगवर लावला आहे. आज दुपारी वीज जाऊन आली, त्यानंतर कार्डावर एकाच प्रिफिक्सचे पत्ते दिसत आहेत आणि पूर्वी अडकणाऱ्या सर्व ठिकाणी डब्ल्यूगेट लगेच सुरू होते. राउटरच्या पानांत मुदती बदलण्याची सोय सापडली नाही.

एक उपप्रश्न राहतो. घरचा पत्ता डायनॅमिक डीएनएसला (बदलता पत्ता एका कायम नावाशी जोडणाऱ्या सेवेला) कळवणारी माझी स्क्रिप्ट यादीतला पहिला ग्लोबल पत्ता उचलते. सेवादात्याच्या बाजूने प्रिफिक्स बदलला तर ती मृत पत्ता कळवण्याची शक्यता उरतेच. तिच्यात काय बदल करावा?

खाडीपलीकडचा

पहिला पत्ता न घेता, ज्याची प्रिफर्ड मुदत सर्वांत जास्त आहे तो घ्यावा. राउटर दर काही मिनिटांनी फक्त चालू प्रिफिक्सची मुदत ताजी करत असतो, त्यामुळे जुना पत्ता नेहमीच मागे पडतो. प्रायव्हसीसाठी तयार होणारे पत्ते यादीत ‘टेम्पररी’ म्हणून दाखवले जातात, ते आधीच वगळावेत, म्हणजे कार्यालयातून येताना पत्ता रोज बदलणार नाही.