रग्बी लीगमध्ये भाच्याची निवड झालीय, पण पुढे पोटापाण्याचं काय?

सातारकर_मामा:
नमस्कार मंडळी. माझी ताई आणि दाजी बारा वर्षांपासून यॉर्कशरमध्ये, वेकफिल्डला असतात. भाचा १५ वर्षांचा आहे. शाळेत रग्बी लीग खेळता खेळता तिथल्या एका व्यावसायिक क्लबाच्या स्कॉलरशिप गटात, म्हणजे कुमार खेळाडूंच्या प्रशिक्षण गटात, त्याची निवड झालीय. पोरगं हरखून गेलंय, ए-लेव्हल (तिथली अकरावी-बारावी) करणारच नाही म्हणतंय. ताई रात्री फोनवर रडते, दाजी गप्प बसतात. त्यात पोराची अंगकाठी लहान, वर्गात सगळ्यात बुटका. मी स्वतः कबड्डीत वाढलेला माणूस, त्यामुळे ‘खेळू नको’ असं माझ्या तोंडून निघत नाही. पण या खेळातल्या माणसांचं पस्तिशीनंतर काय होतं? कोणी जवळून पाहिलं असेल तर सांगा.

पुण्याचा_फुलबॅक:
अभिनंदन! मी कॉलेजात रग्बी खेळलोय, पण ते रग्बी युनियन, रग्बीचा दुसरा प्रकार. लीग वेगळा खेळ आहे. १३-१३ जण असतात, आणि सहा वेळा पकडलं गेलं की चेंडू समोरच्यांना द्यायचा. त्यामुळे पकड आणि निसटणं हाच त्याचा जीव. कबड्डीवाल्या मामाचा भाचा तिथे रमला यात नवल नाही. पुढचं कोणीतरी जाणकाराने सांगावं.

अनघा_लीड्स:
मामा, लीड्समध्ये १९ वर्षं झाली मला, आणि हेडिंग्लेला, इथल्या क्लबाच्या मैदानावर, दरवर्षी जाते. उंचीचं आधी सांगते. भाच्याला रॉब बरो कोण ते विचारा. पाच फूट पाच इंच उंची, आणि समोर शंभर-शंभर किलोचे गडी. २००१ ते २०१७ लीड्स ऱ्हायनोज या एकाच क्लबासाठी खेळला आणि आठ वेळा सुपर लीग, म्हणजे तिथली सर्वात वरची स्पर्धा, जिंकला. २०११ च्या ग्रँड फायनलला, म्हणजे सुपर लीगच्या अंतिम सामन्याला, बदली खेळाडू म्हणून उतरला, सेंट हेलन्सच्या गड्याच्या हाताखालून वाकून निसटला आणि आपल्या हद्दीतून जो सुटला तो समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवूनच (याला ट्राय म्हणतात) थांबला. ती क्लिप जरूर बघा. घेरलेला चढाईपटू अंग चोरून मध्यरेषेकडे सूर मारतो ना, अगदी तसंच वाटतं.

पण पुढचंही सांगितलं पाहिजे. निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, त्याला मोटर न्यूरॉन आजाराचं निदान झालं. वय ३७, पदरात तीन लहान मुलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, हा आजार माणसाच्या अंगातून एकेक हालचाल कशी काढून घेतो ते मला ठाऊक आहे. जानेवारी २०२० मध्ये हेडिंग्लेला सामना होता, मी लेकीला घेऊन गेले होते. शेवटची पाचेक मिनिटं उरली असताना रॉब मैदानात उतरला आणि सगळं मैदान उभं राहिलं. आमच्या पुढे एक आजोबा होते, गळ्यात क्लबाचा विरलेला मफलर. ते टाळ्या वाजवत नव्हते. मफलरचं टोक दोन्ही हातांनी पिळत होते, ओलं धुणं पिळावं तसं, सामना संपेपर्यंत. ते हात मला अजून दिसतात.

त्याचा जुना कर्णधार केविन सिनफिल्ड. डिसेंबर २०२० मध्ये तो सात दिवसांत सात मॅरेथॉन धावला. रॉबचा जर्सी नंबर ७, म्हणून ७७,७७७ पौंड जमवायचे ठरले होते. जमले दहा लाखांच्या वर. मे २०२३ च्या लीड्स मॅरेथॉनला त्याने रॉबला व्हीलचेअरवरून ४२ किलोमीटर ढकलत आणलं, रेषेच्या अलीकडे थांबला, त्याला लेकरासारखं उचलून घेतलं आणि रेषा ओलांडली. रॉब २ जून २०२४ ला गेला. दुसऱ्याच दिवशी लीड्सच्या सीक्रॉफ्ट हॉस्पिटलच्या आवारात त्याच्या नावाच्या उपचार केंद्राचं बांधकाम सुरू झालं. त्याच्या घरच्यांचीच तशी इच्छा होती.

त्याचा आजार खेळामुळे झाला असं मी म्हणणार नाही. पण डोक्याला लागणारा मार ही या खेळातली खरी काळजी आहे. बऱ्याच माजी खेळाडूंनी त्यावरून कोर्टात दावे लावलेत, आणि टॅकल, म्हणजे समोरच्याला पकडून पाडणं, किती उंचीवर करायचा याचे नियमही कडक होत आलेत. ताईला सांगा, क्लबात जाऊन सरळ विचारायचं: डोक्याला लागलं तर पोराला किती दिवस बाहेर ठेवता आणि परत खेळवायचं ते ठरवतं कोण, प्रशिक्षक की डॉक्टर?

आणि पैसा. फुटबॉलचे आकडे डोक्यातून काढून टाका. सुपर लीगमध्ये अख्ख्या संघाच्या पगारावर मर्यादा असते, वर्षाला साधारण २१ लाख पौंड. काही मोठ्या खेळाडूंसाठी सवलत असते, पण बाकीचं पंचवीस-तीस जणांत वाटून बघा. ए-लेव्हल सोडू देऊ नका.

परळचा_पकडवाला:
मी ७० च्या दशकात मिलच्या कबड्डी संघातून खेळलो. अनघाताईंचं वाचून गळा दाटला. एक भर घालतो. हा खेळ जन्मालाच आला तो खाड्यावरून. उत्तर इंग्लंडमधले खाणकामगार आणि गिरणी कामगार शनिवारी खेळायला गेले की त्यांची मजुरी बुडायची. क्लब म्हणाले, बुडालेली मजुरी भरून देऊ. लंडनच्या रग्बीवाल्यांनी ते नाकारलं. मग २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफिल्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतल्या वीसेक क्लबांनी वेगळी चूल मांडली. खाड्याला दिवसाचे सहा शिलिंग ठरले. पुढे पूर्ण पगारावर सगळे खेळू लागले ते १९९६ ला सुपर लीग आल्यावर. तोवर बहुतेकांच्या हाताला दुसरं काम होतंच.

आम्हाला मिलने नोकरी दिली ती खेळामुळेच. सामना असला की हजेरी लागायची, खाडा पडायचा नाही. ८२ चा संप झाला आणि मिलही गेली, संघही गेला. माझ्या बरोबरच्यांपैकी ज्यांच्याकडे दुसरं काही कसब होतं ते सावरले. एक जण वायरमन झाला, त्याने मुलींची लग्नं केली. मामा, पोराला खेळू द्या, पण हातात दुसरं काहीतरी असू द्या.

सातारकर_मामा:
‘खाडा’ शब्द वाचला आणि माझे वडीलच आठवले. हा धागा काल ताईला फोनवर वाचून दाखवला. मफलरवाल्या आजोबांपाशी आल्यावर ती म्हणाली, थांब जरा. दाजी म्हणाले, क्लबात जाऊन डोक्याच्या माराचं विचारतो. भाच्याने ए-लेव्हलचा विचार करतो इतकंच कबूल केलंय. अनघाताई, सिनफिल्डचं पुढे काय झालं? पोराला ते सांगायचंय.

अनघा_लीड्स:
मामा, तो ओल्डमचा मुलगा. लीड्सचा बारा-तेरा वर्षं कर्णधार होता, आणि चॅलेंज कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या पाच फायनल हरल्यावर २०१४ मध्ये तो कप जिंकला. नंतर लेस्टर टायगर्स या युनियन क्लबाला आणि मग इंग्लंडच्या युनियन संघाला बचाव शिकवायला गेला. म्हणजे लीगमध्ये शिकलेली पकड त्याला युनियनमध्ये कामाला आली.

भाच्याला एखाद्या शुक्रवारी माझ्याकडे पाठवा, वेकफिल्डहून ट्रेनने अर्धा तासही लागत नाही. हेडिंग्लेच्या साउथ स्टँडला आमच्याबरोबर उभा राहील. जाड जाकीट घालून यायला सांगा, आम्ही असतो त्या भागात बसायला खुर्च्या नाहीत.