चर्चच्या मंडळीत कुणी कुणाचं मन दुखावतं तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

चर्च सोडणारे सगळे विश्वास उडाला म्हणून सोडत नाहीत. मी पाहिलेले बरेचसे उपासनेनंतर व्हरांड्यात जे ऐकून घ्यावं लागलं, त्याने गेले. बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात प्रभू येशूने क्रम घालून दिला आहे: आधी एकट्याने त्या भावाकडे जा, ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत ने, मग मंडळीला सांग. आपल्याकडे आधी महिला मंडळाला कळतं, मग कमिटीला, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला सगळ्यात शेवटी. तुमच्यापैकी कोण समोर जाऊन बोललं? पुढे काय झालं? माणसांची आणि चर्चची नावं कृपया टाळा.

सुरुवात मी करते. गायकवृंदात एक नवी सून आली, शेवगावकडची. तिचे उच्चार गावाकडचे. एका ज्येष्ठ मावशींनी सगळ्यांसमोर हसून तिच्या हातातलं ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक काढून घेतलं, "तू नुसती ऐक" म्हणाल्या. पुढच्या रविवारी ती आली नाही. मी मावशींच्या घरी गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हटलं, "मावशी, तुम्ही तिचं पुस्तक काढून घेतलंत ते मला फार लागलं." त्या म्हणाल्या, "मी शिकवत होते गं." सूप हलवायचं मात्र थांबलं. बऱ्याच वेळाने विचारलं, "रडली का ती?" मी हो म्हटलं. माफीचा शब्द नाही, पण त्या स्वतः तिच्या घरी जाऊन आल्या. मुलगी आता उपासनेला येते, गायकवृंदात मात्र नाही. मला ते अजून सलतं.

वसईहून
ऑक्टोबरात आमच्या वस्तीत रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, घरोघर फिरते. चाळीत भाड्याने राहणाऱ्या एका बाहेरगावच्या कुटुंबाचं घर दरवर्षी वगळलं जायचं. कारण काय, तर "जागा लहान आहे". मी भर बैठकीत विचारलं आणि सगळे माझ्यावरच उखडले. फादरांना सांगितलं, तर ते काही बोललेच नाहीत. पुढच्या रोझरीच्या दिवशी ते त्याच घरात जाऊन बसले आणि लोकांना तिथेच बोलावलं. निम्मे जिन्यात उभे होते, पण आले. बैठकीत बोलल्याचं मला वाईट वाटत नाही. कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.

निवृत्त पाळक, नाशिक
ताई, एकट्याने जाणं प्रत्येकाला झेपत नाही. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय पाहा, प्रेषित पौलाने तिथल्या मंडळीला लिहिलेल्या. युवदीया आणि सुंतुखे या दोघींचं बिनसलं होतं. पौलाने दोघींनाही सारखीच विनंती केली, कुणाची बाजू घेतली नाही, आणि वर एका सोबत्याला सांगितलं की यांना साहाय्य कर. कित्येक घरांतली भांडणं मी दोन्हीकडच्यांना मानणाऱ्या एखाद्या आजींना मध्ये घालून मिटवली. पाळकाने मध्ये पडलं की लोक पाळकाचीही बाजू ठरवतात.

जालन्याहून
आमच्याकडचं दुखणं वेगळं आहे. बाप्तिस्मा घेऊन चार पिढ्या झाल्या, तरी सोयरीक निघाली की "मूळचे कोण?" हे विचारतातच. माझ्या बहिणीला कमिटीतल्या एकाने तोंडावर म्हटलं, "तुमच्यातली मुलगी आमच्या घरात कशी चालेल?" मी एकटा गेलो, त्यांनी चहा पाजला आणि विषय बदलला. दोन वडीलधाऱ्यांना घेऊन गेलो, तर "घरचा प्रश्न आहे" म्हणाले. मग लेखी अर्ज कमिटीपुढे ठेवला. पाळकसाहेबांनी उपदेशाला बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय घेतला: सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि दरिद्र्याला "तू तिथे उभा राहा". नाव कुणाचं घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. ते गृहस्थ अजून माझ्याशी बोलत नाहीत. बहिणीचं लग्न दुसरीकडे झालं, सुखात आहे. पण तो अर्ज कमिटीच्या दप्तरात आहे, आणि पुढच्या मुलीला कुणी तसं बोलायला धजणार नाही असं मला वाटतं.

पुण्याहून
मी संडे स्कूल घेते, म्हणून एक सांगते. टोमणा, भेदभाव, रुसवा यांसाठी मत्तयातला क्रम ठीक. पण कुणी लेकराच्या अंगाला हात लावला असेल, तर "आधी एकट्याने जाऊन त्याच्याशी बोला" हा सल्ला कुणीही देऊ नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग समोरचा कमिटीतला असो की पाळक. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर आमच्या वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला लिहिलाय.